विमान जाईपर्यंत

विमानतळ बंद झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, जेवायला वाढता वाढता बायको म्हणाली, "अहो, ताईंचा फोन आला होता, त्या उद्या—" आणि थांबली. हातातला डाव भांड्यावर तसाच धरून तिने छताकडे पाहिलं. कानवाल्यानेही घास तोंडाशी नेता नेता छताकडे पाहिलं. छताला पंखा होता, पंख्याच्या कडीभोवती ओलीचा जुना डाग होता, आणि वर काही नव्हतं. असणार कुठून? शेवटचं विमान काल भाषणांच्या आणि टाळ्यांच्या साक्षीने उडालं होतं, आणि आता सगळी विमानं शहरापासून लांब, माळावरच्या नव्या विमानतळावर उतरत होती. हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी दोघांनी नेहमीइतका वेळ जाऊ दिला. मग बायको, जिथे सोडलं होतं तिथूनच, "—येतायत" म्हणाली आणि वाढायला लागली. "म्हणाल्या, आमचं एक वाक्य राहिलंय, ते पुरं करायचंय. कसलं हो वाक्य?"

"काही नाही," कानवाला म्हणाला, आणि घास चावायला लागला. वरून काही गेलं नव्हतं, पण जाऊन गेल्यावर हाडांत राहते तशी थरथर त्याच्या जबड्यात राहिली होती. त्या रिकाम्या थांब्यात त्याला काही ऐकू आलं नव्हतं. दिसलं होतं. बाबांचे ओठ. वरच्या ओठावर दाढी करताना सुटलेला एक पांढरा केस, आणि त्याखाली हलणारे, उघडणारे, मिटणारे, पुन्हा उघडणारे ओठ. मागे आवाज नाही. आठ वर्षं ते असेच हलत होते आणि वर विमानं होती म्हणून त्याला फारसं काही वाटत नव्हतं.

कानवाला हे काही त्याचं नाव नव्हे. खालच्या मजल्यावर त्याचं कानाची यंत्रं बसवण्याचं दुकान होतं, आणि विमानांच्या वाटेखाली राहणाऱ्या वस्तीत असं दुकान टाकायला फार अक्कल लागत नाही. गिऱ्हाईक वरून घडत होतं, खालून ह्याने घ्यायचं. ताई मात्र त्याला लहानपणापासून बहिऱ्या म्हणायची, कारण पुस्तक हातात असलं की त्याला हाका ऐकू येत नसत. बहिऱ्याने पुढे लोकांचे कान तपासावेत ह्याचं घरात सगळ्यांना हसू यायचं. बाबांना नाही यायचं. बाबांना विमानतळाबद्दलच्या कुठल्याच गोष्टीचं हसू येत नसे.

आणि विमानतळ तरी केवढा, तर शहराच्या मधोमध, चार वस्त्यांच्या बेचक्यात पडलेली एक आखूड धावपट्टी. तिथून कुणी परदेशी जात नसे. सकाळी कामाची बॅग घेऊन जायचं आणि संध्याकाळी तीच बॅग घेऊन परत यायचं, असली उड्डाणं; शेंगदाण्याची पुडी फोडेपर्यंत उतरायची सूचना व्हायची. उतरणारं विमान गच्च्यांवरचे वाळत घातलेले कपडे चुकवत यायचं असं लोक म्हणत, आणि ती अतिशयोक्ती आहे असं म्हणणाऱ्याला फक्त एकदा ह्या घराच्या गच्चीवर उभं करावं लागे. बाबा भूमापन कचेरीत नकाशे काढायचे. धावपट्टीच्या मधोमध रेघ ओढून ती तशीच पुढे वाढवली तर आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून, बरोबर शेगडी आणि पिंप ह्यांच्या मधून जाते, हे त्यांनी मोजून काढलं होतं. आई त्या जागी कधी भांडं ठेवत नसे. कारण विचारलं तर म्हणायची, "वाटेत कशाला?"

ह्या घरात थांबा घ्यायची रीत होती. विमान आलं की बोलणारा जिथे असेल तिथे थांबायचा, सगळे वर बघायचे, आणि विमान गेलं की बोलणारा त्याच शब्दापासून पुढे. विमानाच्या आवाजात ओरडून बोलणं हे तोंडात घास ठेवून बोलण्याइतकं वाईट मानलं जाई. त्यामुळे ह्या घरात कुणी कुणाला मधेच तोडत नसे. ते काम सरकारने घेतलं होतं. बायको नवी आली तेव्हा तिला वाटलं, माणसं गर्विष्ठ आहेत, आपण बोलायला लागलो की छताकडे बघतात. वर्षभराने ती माहेरी गेली आणि तिथेही मधूनमधून थांबून वर बघायला लागली, तेव्हा तिच्या आईने तिला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं होतं. आणखी एक रीत होती. जे होणं शक्य नाही त्याबद्दल म्हणायचं, "विमानं बंद झाली की करू." जिन्याचा कठडा, बाबांची पेटी शिकण्याची इच्छा, मागच्या भिंतीला गिलावा, सगळं विमानं बंद झाल्यावर होणार होतं. आणि आता विमानं बंद झाली होती, आणि कानवाला त्या कठड्याला धरून खाली दुकानात जाताना कठडा हातात येतोय की काय म्हणून जपून उतरत होता.

विमानतळ हटाव समितीचे बाबा सचिव. सभा त्यांच्याच गच्चीवर व्हायच्या. वक्ते दर थोड्या वेळाने थांबून आकाशाकडे बघत, त्यामुळे अत्यंत सुमार भाषणंही फार विचार करून केल्यासारखी वाटायची. अशा सचिवाच्या मुलीने विमानात हवाई सुंदरीची नोकरी धरावी, आणि तीही रोज संध्याकाळी ह्याच घरावरून उतरणाऱ्या विमानात! ताईने नेमणुकीची बातमी उभ्या उभ्याच सांगितली. बाबा म्हणाले, "त्या विमानात पाय ठेवलास तर ह्या घरात—" आणि विमान आलं. आईने तोंडावर हात धरला. कानवाला तेव्हा कॉलेजात होता. तो पिंपाला टेकून उभा होता आणि पिंपातलं पाणी त्याच्या पाठीला थरथरताना लागत होतं. सगळे वर बघत उभे. ताईसुद्धा. भांडणाच्या ऐन मध्यावर चार माणसं अशी शहाण्यासारखी छताकडे बघत उभी राहिलेली जगात दुसरीकडे कुठे दिसायची नाहीत. विमान गेलं आणि बाबा म्हणाले, "—ठेवू नकोस." विचार करायला एवढा मोकळा वेळ मिळूनही माणूस जेव्हा तेच म्हणतो, तेव्हा मग त्या वाक्याचं काही करता येत नाही. ताईने बॅग उचलली. पुढे तिने ते विमान जिथून सुटायचं त्या दुसऱ्या शहरात घर केलं, आणि आई आजारी असताना येऊन जायची ती बाबा कचेरीत असतील तेव्हाच. बाबा तिचं नाव घेईनासे झाले. बाबा निवृत्त झाले, आई गेली, आणि ते संध्याकाळचे गच्चीवर वेताच्या खुर्चीत बसायला लागले. नेमकं त्या विमानाच्या वेळी. विमान डोक्यावर आलं की एक हात वर करून हलवायचे. शेजारी कौतुकाने म्हणत, "म्हातारा अजून मूठ दाखवतो बघा. लढवय्या माणूस!"

त्या एका संध्याकाळी कानवाला बाबांना खाली न्यायला गच्चीवर गेला होता. बाबांचे कान तोवर पार गेले होते. त्याने स्वतःच्या हाताने त्यांना यंत्र बसवून दिलं होतं, पण विमान आलं की ते कानात शिट्ट्या मारतं म्हणून बाबा ते सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि खिसा ऐकल्यासारखा किंचित पुढे यायचा. तो दिसताच बाबा म्हणाले, "हे बघ, ताई आली की तिला सांग—" आणि विमान आलं. कानवाला थांबला, वर बघितलं, पोटाखालची चाकं बघितली, आणि खाली बघतो तर बाबा बोलतायत. थांबलेच नव्हते. विमान त्यांना ऐकूच आलं नव्हतं. ते डोक्यावरून गेलं, गच्चीवरचे कपडे फडफडले, आणि ज्या माणसाने ह्या घरात थांबा सुरू केला तो त्या सगळ्या गदारोळात सावकाश, नीट, एकेक शब्द ठेवत बोलत होता. कानवाल्याला ओठ वाचायची विद्या होती; दुकानात येणाऱ्यांना तो ती शिकवायचा. पण त्या क्षणी त्याला एवढंच वाटलं की बाबा थांबले कसे नाहीत, आणि ह्या नवलापायी तो नुसता बघत राहिला. वाचलं नाही. विमान गेलं. बाबांनी खुर्चीच्या हातावर तळवा टेकला आणि विचारलं, "कळलं ना?"

कानवाला म्हणाला, "हो."

आता हा 'हो' त्याच्या चांगला ओळखीचा होता. दुकानात तो रोज ऐकायचा. ऐकू न येणारी माणसं सगळ्यात जास्त हाच शब्द वापरतात. सारखं 'काय? काय?' म्हटलं की समोरचा वैतागतो, त्यापेक्षा हो म्हटलं की गाडी पुढे जाते. तो नातेवाइकांना बजावायचा, हो म्हणाले की समजा ऐकू आलेलं नाही. आणि स्वतः तोच 'हो' म्हणून बसला. परत सांगा म्हणायचं तर खिशातून यंत्र काढा, कानात घाला, शिट्टी ऐका, मग शेजारच्या गच्चीला ऐकू जाईल अशा आवाजात घरातली जखम उघडा. आणि खाली दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक बसलं होतं. पण खरं कारण तेही नव्हे. 'हो' ऐकल्यावर बाबांचा चेहरा, डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यावर होतो तसा झाला होता. ते आणखी एकदा उचलून द्या असं त्याच्याने म्हणवेना. उद्या विचारू, असं त्याने ठरवलं. पुष्कळ उद्या गेले, आणि एका दुपारी बाबा झोपले ते उठले नाहीत.

ताई आली होती. सगळं आटोपल्यावर स्वयंपाकघरात, जिथून रेघ जाते तिथे ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "बहिऱ्या, माझ्यासाठी काही बोलले का रे?" तो म्हणाला, "हो." ती म्हणाली, "काय?" आणि विमान आलं. दोघं वर बघत राहिली. कानवाल्याला ते विमान जन्मात पहिल्यांदा हवंहवंसं वाटलं. ते जाऊच नये असं वाटलं. गेल्यावर बोलायची पाळी त्याची होती. त्याने तोंड उघडलं, तर ताईनेच हात वर केला. डोळे भरले होते आणि हसत होती. "राहू दे," म्हणाली. "आज नको. विमानं बंद झाली की सांग."

ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेली. नंतर फोन व्हायचे, तब्येती विचारल्या जायच्या, पण तिने तो 'काय?' पुन्हा उच्चारला नाही. घराची रीतच ती. पाळी ज्याची त्याने बोलायचं. कानवाला आठ वर्षं आरशासमोर दाढी करताना ते ओठ करून बघायचा. उघड, मीट, मीट, गोल, उघड, आणि शेवटी दातांवर जीभ. त्याने त्यात नाना वाक्यं बसवून पाहिली. क्षमा बसायची. शापही बसायचा. एकदा तर 'पाण्याचा पंप वेळेवर बंद करत जा' हेही इतकं चपखल बसलं की तो साबण लावलेल्या तोंडाने बाथरूममध्ये स्टुलावर बसून राहिला. बायको बाहेरून म्हणाली, "अहो, कुणाशी बोलताय?" तो म्हणाला, "कुणाशी नाही." आणि ते शब्दशः खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याचं लक्ष लागेना. कान तपासायची खोली म्हणजे एक जाड भिंतींची पेटी. आत माणूस, कानावर आवाज सोडणारी बोंडं, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. ही खोली त्याने विमान आलं तरी हलणार नाही अशी बांधून घेतली होती. आज बाहेरचीच शांतता आतल्यासारखी झाली होती, आणि दार उघडलं काय नि लावलं काय. आत एक निवृत्त शिंपी बसला होता. कानवाला मधून मधून मुद्दाम काहीच सोडत नसे, नुसता थांबायचा. तरी शिंपी बटण दाबायचा. सगळेच दाबतात. आता येईलच, आलाच असेल, आपल्यालाच ऐकू आला नसेल, अशा भीतीने अंगठा खाली जातो. अशा बटणापुढे तो 'खोटं' अशी खूण करायचा. आज करता करता थांबला. शिंपी काचेतून हसत होता, परीक्षेत पास झाल्यासारखा.

"किती ऐकू आले?" बाहेर आल्यावर शिंप्याने विचारलं.

"सोडले त्यापेक्षा जास्त."

"मग चांगलंच म्हणायचं की!" शिंपी खूश होऊन गेला.

ताई उन्हं कलल्यावर आली. केस पांढरे, पाठ मात्र अजून बांधलेल्या पट्ट्यासारखी ताठ. ती आता उडत नव्हती. जमिनीवर राहून नव्या मुलींना संकटात हसायला शिकवत होती. दारातच पिशवी टाकून म्हणाली, "विमानात बसले त्याच्या दुप्पट वेळ टॅक्सीत बसले गं वहिनी! कुठे नेऊन ठेवलाय तो विमानतळ! टॅक्सीवाला म्हणतो, बाई, आणखी थोडं पुढे गेलं तर तुमचंच गाव लागेल. बाबांनी सूड उगवला बघ माझ्यावर."

"जिंकले ते," बायको म्हणाली. "परवा समारंभात त्यांचं नावसुद्धा घेतलं नाही कुणी."

"मग नक्की जिंकले."

हसणं झालं, चहा झाला, बायकोच्या गुडघ्यांची चौकशी झाली. कानवाला दोघींच्या मधे बसून बशीची कड पुसत होता. मग ताई उठली आणि त्याला म्हणाली, "चल वर." बायको पिशव्या उचलायच्या निमित्ताने मागे राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या थांब्यांत राहून तिला हे बरोबर कळायचं.

गच्चीवर वेताची खुर्ची अजून होती. तळ फाटला होता. त्यावर कुणी बसत नसे आणि ती कुणी टाकूनही देत नसे. आकाश इतकं उघडं होतं की लाज वाटावी. लांबवर धावपट्टीचे दिवे विझलेले होते आणि वाऱ्याच्या कापडी नळीत वारा अजून भरत होता, तिला कुणी सांगितलं नसावं. ताई कठड्याला टेकली, खुर्चीकडे पाठ करून.

"उतरताना आम्हाला बांधून बसवतात," ती म्हणाली. "माणसांकडे तोंड करून. पण दाराला इवलीशी काच असते. मान मोडून बघितलं की ही गच्ची दिसायची. एवढीशी. डोळे मिटून उघडेपर्यंत गेली. वर्षानुवर्षं बघितली मी."

"बाबा बसलेले असायचे."

"बाबा कसले, टक्कल दिसायचं. वरून माणसाचं टक्कलच दिसतं. शेवटी शेवटी कधीतरी दोन दिसायला लागली. दुसरं कुणाचं म्हणून मी काळजीत."

"ताई!"

"आणि हात दिसायचा. हलणारा." ती थांबली. आपसूक वर बघितलं, काही नव्हतं, पुन्हा खाली बघितलं. "मूठ होती की टाटा होता रे? वरून दोन्ही सारखंच दिसतं. मी आपली रोज ठरवायचे. दिवस चांगला गेला असला की टाटा. नाहीतर मूठ. उडणं संपलं आणि मग ठरवायचंही संपलं."

कानवाला हे खालून बघत आला होता, बाबांच्या पाठीमागून. मागून बोटं दिसत नाहीत. कधी पुढे जाऊन बघावं असं त्याला सुचलं नव्हतं. समोरच्या वस्तीत कुणाचा तरी कुकर, कुणाचं तरी रडणारं पोर, सायकलची घंटी, असले किरकोळ आवाज आता उघडे पडले होते. इतकी वर्षं ते विमानांच्या खाली दबून निमूट राहत होते. त्या संध्याकाळी बाबांनी जे म्हटलं ते त्या विमानाच्या आवाजाखाली होतं, आणि त्या विमानात ताई होती. मान मोडून काचेतून बघत. हे त्याच्या मनात पूर्वी कधी आलं नव्हतं. आता आलं आणि गच्ची किंचित कलल्यासारखी वाटली.

ताई त्याच्याकडे वळली. तिचा चेहरा ओट्याला टेकून उभ्या असलेल्या त्या दिवशीचा झाला. आठ वर्षांपूर्वी जिथे सोडलं होतं, बरोबर तिथून ती म्हणाली, "काय?"

विमान येणार नव्हतं. तरी त्याने क्षणभर वाट पाहिली. क्षमेचं वाक्य जिभेवर तयार होतं. चांगलं घासूनपुसून ठेवलेलं, ओठांवर बसणारं. म्हटलं असतं तर ताईला आयुष्यभर पुरलं असतं, आणि त्यालाही फक्त आयुष्यभरच सांभाळावं लागलं असतं.

"मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "ताई आली की तिला सांग, एवढं म्हणाले आणि तुझं विमान आलं. ते थांबलेच नाहीत. यंत्र खिशात होतं. बोलत राहिले, पुष्कळ बोलले. मग म्हणाले, कळलं ना? आणि मी हो म्हणालो."

कठड्यावरचा ताईचा हात घट्ट झाला आणि तसाच राहिला. तिने ओरडावं, निदान बहिऱ्या म्हणावं, असं त्याला वाटलं. ती खुर्चीकडे बघत होती.

"बघत होतास ना?" तिने विचारलं.

"बघत होतो."

"ओठ?"

"हो. म्हणजे, आठवतायत. पण त्यात काहीही बसतं गं. सगळं बसवून झालंय माझं."

"तू बसवू नकोस," ताई म्हणाली. "तू नुसतं दाखव."

विमानाची वेळ झाली होती. घड्याळ बघायची गरज नव्हती. दोघांच्या मानेला ती ठाऊक होती, मान आपोआप वर जायला लागली होती. ह्या घरात ह्या वेळी कधी कुणी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. कानवाल्याने मान खाली घेतली. ताईनेही घेतली. त्याने फाटक्या खुर्चीच्या हातावर तळवा टेकला, आणि सावकाश, आवाज न करता, बाबा बोलले तसं बोलायला लागला. उघड, मीट, मीट, गोल, उघड. ताईचे डोळे त्याच्या ओठांवर होते. मधेच तिचेही ओठ किंचित हलले, लहान मुलाला भरवताना आईचे हलतात तसे. वर आभाळ रिकामं होतं. शेवटी दातांवर जीभ टेकली आणि ते संपलं.

"कळलं ना?" कानवाल्याने विचारलं. हे मात्र आवाजात.

"हो," ताई म्हणाली.

कुठला 'हो' ऐकू आल्याचा आणि कुठला नाही, ही त्याची रोजीरोटी होती. तो ताईच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि त्याला काही खूण करता येईना. ती खुर्चीवर, फाटक्या भागाला चुकवून कडेला बसली होती. तिने एक हात वर केला, आभाळाकडे, आणि हलवला. कानवाला ह्या वेळी पुढे येऊन उभा होता. बोटं उघडी होती.